काशीला सोडलेला आलुबुखारा

आमच्या घरात एक फळ होतं, आणि घरातल्या कुणीही ते कधी खाल्लेलं नव्हतं. पाहिलेलं फक्त माझ्या सासूनं, तेही एकदाच, काशीच्या एका गल्लीत, कुणाच्या तरी टोपलीत. पण नाव मात्र उठता-बसता निघायचं.

मी मंठ्याकडची. लग्न होऊन जालन्याला आले, मस्तगडात. शेती अंबडच्या वाटेवरच्या गावाला आणि राहायला घर इथं, म्हणजे एक पाय ढेकळात आणि एक बाजारात असं सासर. राज्य निजामाचं. दारातून जाणारी माणसं अर्धं मराठी, अर्धं उर्दू बोलायची, आणि वर्षभरात मीही जल्दी, बराबर, बिलकुल असं बोलायला लागले. माहेरी गेले की आई म्हणायची, ही मुलगी जालन्याची झाली.

नव्या नवरीला सासरचं सगळं कळायला वेळ लागतो, पण हे फळ मला पहिल्याच आठवड्यात भेटलं. नात्यातली एक बाई नवरी पाहायला आली. मी ताटात केळी मांडून नेली, तर ती सासूकडे बघून म्हणाली, "तुम्हाला केळं चालतं का हो? का ते सोडलंय काशीला?"

सासू काही बोलायच्या आधी आमचे हे पडवीतून ओरडले, "मायला सगळं चालतं! तिनं आलुबुखारा सोडलाय!"

आणि मंग जी हसाहशी झाली! पाहुणी हसली, हे हसले, बाहेर बैल बांधणारा गडीसुद्धा हसला. मी डोक्यावरचा पदर सावरत उभी. कशाला हसून राह्यलेत, तेच मला कळेना.

रिवाज मला माहीत होता. आमच्याकडं काशीयात्रा करणारा माणूस तिथं एक फळ, एक भाजी सोडून यायचा. सोडायचं म्हणजे जन्मभरासाठी, परत तोंडात घालायचं नाही. सोडायचं तेही आवडतं. माझ्या चुलत्यानं वांगं सोडलं होतं, आणि मंग जन्मभर दुसऱ्याच्या ताटातल्या भरल्या वांग्याकडं असा बघायचा की जेवणाऱ्याचा घास अडकावा. एका म्हातारीनं आंबा सोडला होता. दर वैशाखात ती आढीच्या खोलीत पाऊल ठेवायची नाही. आणि माझ्या सासूनं काय सोडावं? तर जे जालन्यात मिळत नाही, अंबडला मिळत नाही, आणि कधी मिळेल असं कुणाला वाटतही नाही, ते!

"काशीच्या देवाला टोपी घालून आली आमची माय," हे म्हणायचे. भावकीतही तिचं नाव झालं होतं. कुणी चलाखी केली की लोक म्हणायचे, "याला म्हणतात आलुबुखारा सोडणं."

ती मात्र हसायची नाही आणि चिडायचीही नाही. "सोडलं ते सोडलं," एवढंच म्हणायची आणि हातातलं काम पुढं न्यायची. सासू म्हणून ती कडक होती, पण खोडसाळ नव्हती. मी तिला आत्याबाई म्हणायची, आमच्याकडं तसंच म्हणतात.

आता माझी एक वाईट खोड सांगते. माझ्या पोटात प्रश्न राहत नाही. बाकीच्यांना त्या फळाचं हसू यायचं, मला त्याच्यापायी झोप येईना. कसं असेल ते? झाडाला लागतं का वेलीला? आंबट का गोड? बी केवढी? एकदा ज्वारी निवडताना मी धीर करून विचारलंच.

"आत्याबाई, ते फळ दिसायला कसं व्हतं?"

त्यांनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "लाल. काळपट लाल. लिंबाएवढं. आन् वरून पांढरं-पांढरं, जसं राखेत लोळल्यावानी. बोट लावलं की ती राख पुसली जायची आन् खालून चकाकायचं."

"तुम्ही बोट लावून बघितलं?"

"बघितलं."

"आन् खाऊन न्हाई बघितलं?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप सुपात तोंड घातलं.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आलू म्हणजे बटाटा. बुखाऱ्याचा बटाटा असंल." मी म्हटलं, बटाटा लाल आणि चकाकणारा असतो व्हय? तर म्हणाले, "बुखाऱ्याला असंल, तू गेल्तीस का?" पुरुषाला एखादी गोष्ट माहीत नसली की तो बाईलाच उलटा प्रश्न टाकतो, हे मी तेव्हाच शिकले.

खरी माहिती दिली ती शेजारच्या खालानं, त्यांच्यात मावशीला खाला म्हणतात. आमची आणि तिची भिंत एक होती. भिंतीला एका जागी पडझड होऊन खिडकीएवढं भोक पडलेलं, ते दोन्ही घरांनी मुद्दाम बुजवलं नव्हतं. त्या भोकातून कढीपत्ता जायचा, मेंदी यायची आणि बातम्या दोन्हीकडं जायच्या. मी फळाचं नाव काढलं तर खाला कपाळावर हात मारून म्हणाली, "अगे, इत्ता बी नै मालूम? शादी की बिर्यानी में डालते ना! खट्टा-मीठा. सुका हुआ आता अत्तार के पास." अत्तार म्हणजे जडीबुटी आणि सुका मेवा विकणारा. बाजारात त्याचं दुकान होतं, पण बायकांनी तिथं जायची रीत नव्हती, आणि ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा सगळ्या भावकीला हसवलं असतं.

मी विचारलं, "खाला, गोड जास्त का आंबट जास्त?"

खाला बराच वेळ विचार करून म्हणाली, "पहले खट्टा. बाद में मीठा. बाद में फिर खट्टा." एवढ्यावर मी किती दिवस काढले असतील! चिंच चोखताना वाटायचं, असं असेल का? जांभूळ खाताना वाटायचं, असं असेल का? बोर, आवळा, करवंद, जे तोंडात जाईल त्याच्याशी मी त्या न पाहिलेल्या फळाची सोयरीक जुळवायची.

मंग काही वर्षांनी एका श्रावणात आत्याबाई आजारी पडल्या.

ताप आला तो हटेना. पित्ताचा ताप म्हणत होते. एक दिवस उतरायचा, दुसऱ्या दिवशी परत चढायचा. शेवटी ताप गेला, पण जाताना त्यांचं तोंड घेऊन गेला. जिभेवर पिवळा थर बसलेला. दूध दिलं की उलटी, पेज दिली की उलटी. पोट दगडासारखं घट्ट. "कडू लागतंय गं, पाणी बी कडू लागतंय," एवढं म्हणायच्या आणि भिंतीकडं तोंड करून पडायच्या. ज्या बाईनं दोन हातांनी भरलं पोतं उचललेलं मी पाहिलं होतं, तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. मला भीती वाटली. घरात कुणी तोंडानं बोलत नव्हतं, पण हे शेतावर जायचे थांबले, त्यावरून मला समजलं की त्यांनाही वाटतेय.

हकीमसाहेब आले. पांढरी दाढी, हळू बोलणं. नाडी धरून ते डोळे मिटून बसले, मंग जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. म्हणाले, आता औषध कमी आणि खाणं जास्त पाहिजे, पण खाणं आत राहायचं तर आधी तोंड सुटलं पाहिजे. "आलुबुखारा भिगो देव. सुबह मसल के, छान के, थोडी मिश्री डाल के पिलाव. जबान खुलेगी, पित्त बैठेगा, पेट नरम होगा. फिर गूदा भी खिलाव. अच्छा फल है, बीमार का दोस्त है."

मी ह्यांच्याकडं बघितलं, हे माझ्याकडं बघून राह्यलेले. ज्या नावावर ते इतकी वर्षं हसले, ते नाव ऐकून त्यांचं तोंड पार उतरलं.

आत्याबाईंना डोळे उघडायचं त्राण नव्हतं, पण उघडले. "त्ये न्हाई," म्हणाल्या.

हकीमसाहेबांना समजावून सांगावं लागलं. ते हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, मन्नत तर मन्नत आहे, चिंचेचं पाणी देऊन बघा. दिलं. एकाच दिवसात घसा धरला आणि खोकला असा लागला की उलटीपेक्षा तोच बरगड्या मोडायला लागला. डाळिंबाचे दाणे दिले तर पोट आणखी घट्ट. हकीमसाहेब परत आले आणि या वेळी त्यांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं की असं चाललं तर दसरा बघायच्या नाहीत.

हे तसेच अत्ताराकडं गेले आणि पुडी घेऊन आले. आत्याबाईंना दाखवायच्या आधी त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी उघडली. मनात इतकी वर्षं मी काय-काय रंगवलं होतं, आणि आत होती काळीभोर, सुरकुतलेली, चिकट फळं! वाळलेल्या खारकेपेक्षाही दिसायला वाईट. पण वास! गूळ, चिंच आणि कुठलं तरी फूल, असा एक मिसळलेला वास. आजारी माणूस पलीकडे पडलेलं आणि मी पुडीत नाक खुपसून उभी. ह्यांनी मला हलवलं तेव्हा भानावर आले.

ह्यांनी मायपुढं वकिली सुरू केली. "माय, तू सोडलं ते लाल व्हतं. हे काळं हाय. तू सोडलं ते ओलं, हे सुकं. हे बिलकुल दुसरं."

आत्याबाईंनी एक फळ हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं, वास घेतला. "द्राक्ष सुकून मनुका झालं म्हणून ते द्राक्ष न्हाई ऱ्हात का? हेच हाय ते," म्हणाल्या आणि परत दिलं.

हे जोशीबुवांकडं गेले. जोशीबुवा म्हणाले, काशीत सोडलेलं काशीत जाऊनच सोडवावं लागतं. "दारापर्यंत चालता येईना तिला, आन् काशीला कशी नेऊ?" हे अंगणात उभे राहून ओरडले. मंग माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "चटणीत वाटून दे. तिला चव कुठं कळतीया?"

मी म्हटलं, "तिला न्हाई कळायचं. मला कळंल ना."

"मंग काय मरू द्यायची तिला?"

"मी असं कुठं म्हणले!" मीही ओरडले. भिंतीच्या भोकातून खालानं तोंड काढलं आणि आम्हाला दोघांनाही गप केलं. मंग तिनं मला हळूच सांगितलं, "भिगो के तो रख. पीतल में नक्को, चिनी की कटोरी में. खट्टा है, पीतल खराब होता."

मी भिजत घातली. खायला कुणी नव्हतं तरी घातली, आणि येता-जाता झाकण काढून बघत राहिले. सुरकुत्या भरत गेल्या. साल ताणली. पाणी आधी चहासारखं झालं, मंग गडद तांबूस. सकाळी ती फळं अशी फुगली होती की आत्याबाईंनी सांगितलेलं लिंबाएवढं फळ मला पहिल्यांदा पटलं. एक फळ हातानं दाबलं तर गर सुटून बी बाहेर आली, चपटी, बदामाच्या धाकट्या बहिणीसारखी. ती फोडून बघितली. आत गर कडू. मी ती थुंकून टाकली. तेवढंच काय ते माझ्या तोंडात गेलं. फळ मी खाल्लं नाही. ज्या घरातली बाई ते खाऊ शकत नव्हती म्हणून झुरत होती, तिथं आपण बोट चाटायचं, हे मला जमेना.

दुपारी पाऊस थांबला. मी आत्याबाईंचे पाय चेपत होते. घरात आम्ही दोघीच. त्या एकदम म्हणाल्या, "त्यो मागायला आलाय."

"कोण?"

"देव. मी त्याला फशिवलं असं समदे म्हणत्यात. आता आलाय मागायला."

मी म्हटलं, "आत्याबाई, एक विचारू? रागावू नका. खरंच कामून सोडलं तुम्ही ते? न खाल्लेलं?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मंग भिंतीकडं बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली. मध्ये मध्ये दम लागायचा, थांबायच्या, परत सांगायच्या.

ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगी होती. हे मला माहीत होतं, पण ऐकून, घरात कुणी बोलत नव्हतं. परकर नेसायच्या वयाची होऊन ती गेली. तिला सीताफळ फार आवडायचं. शेताच्या बांधावर सीताफळाची झाडं होती. ती पिकायच्या आधीच फोडायची आणि मार खायची. ती गेली त्या साली झाडं लगडली होती आणि कुणी तोडायला गेलं नाही. पुढच्या सालापासून आत्याबाई पहिलं पिकलेलं सीताफळ तोडून बांधावर बसायच्या आणि एकट्या खायच्या, तिच्या नावानं. "मला सोताला काय त्याची एवढी गोडी न्हाई," म्हणाल्या. "पण ते खाताना ती शेजारी बसल्यावानी वाटतं. बिया थुंकायची तशी थुंकते मी बी."

काशीला गेल्या त्या तिच्यासाठीच. तिथं पंड्यानं विचारलं, माई, कौनसा फल छोडोगी? जो सबसे प्यारा हो. "माझ्या तोंडावर सीताफळ आलं व्हतं गं. तेच आलं व्हतं. पण ते सोडलं तर मंग पोरीला भेटायचं कुठं? मी हिकडं-तिकडं बघितलं. एक टोपली दिसली. हे काय म्हणून विचारलं. पंड्या नाव बोलला. म्हटलं, हेच सोडलं. पंड्या म्हणला, सोच लो माई. मी म्हटलं, सोचलं."

त्यांनी पांघरूण वर ओढलं. "समद्यांना वाटलं म्हातारी हुशार. वाटू दिलं."

मला रडू आलं. आणि तितकाच रागही आला, सगळ्या भावकीचा, ह्यांचा, आणि दात काढून हसणाऱ्या त्या पाहुणीचा. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मंग आता सीताफळ सोडा, आन् हे खा. देव तरी काय, एकाच्या जागी दुसरं घेईल."

"मरंन," आत्याबाई म्हणाल्या, "पण सीताफळ सोडणार न्हाई."

त्या तसं बोलल्या आणि मला कळलं की ह्या बाईशी आता वाद घालून उपयोग नाही. मी पाय चेपत राहिले. चेपता चेपता एक गोष्ट डोक्यात आली. आदल्याच सालच्या श्रावणात त्यांनी शुक्रवारचा वसा माझ्या ओटीत घातला होता. म्हातारपणी झेपत नाही म्हणून सासू सुनेला वसा देते, आणि मंग तो सुनेचा होतो. मोडत नाही, नुसता हात बदलतो.

"आत्याबाई," मी म्हटलं, "शुक्रवारचा दिला तसा हा बी मला द्या."

"काशीचा वसा आसतोय व्हय?"

"सोडलं म्हणजे वसाच की. घेतला वसा टाकू नये म्हणता ना? दुसरीला देऊ नये असं कुठं म्हणलंय?"

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मंग म्हणाल्या, "तू चाखलंय का ते?"

"न्हाई."

"मंग न्हाई द्यायची मी. चाखल्याबिगर सोडलं म्हणून तर माझी ही गत झाली. तू आधी खा. आवडलं तर सोड. न आवडलेलं सोडण्यात काय राम हाय?"

मी वाटी आणली. त्यांनी मला उजेडाच्या बाजूला, खिडकीसमोर बसवलं. तोंड नीट दिसावं म्हणून! माझी परीक्षाच होती. आवडलं नाही तर वसा मिळणार नाही, आणि वसा मिळाला नाही तर त्या खाणार नाहीत. मनात म्हटलं, काहीही लागो, मिटक्या मारायच्या. करपट लागो, तुरट लागो, वाहवा करायची.

मी एक फळ तोंडात घातलं.

खाला म्हणाली होती तसंच. आधी आंबट, असं की डोळे मिटले, कानामागं झिणझिण्या आल्या. मंग गोडी आली, सावकाश, मऊ, गुळासारखी जड नाही, उसासारखी फिकी नाही. गर जिभेवर विरघळला आणि साल राहिली. सालीत पुन्हा आंबट! ती चावली तर आणखी रस. बीला गर चिकटलेला होता, तो सुटेना, म्हणून मी बी गालात धरून चोखत बसले. तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. मिटक्या मारायचं ठरवलं होतं तेच विसरले. आत्याबाई समोर आहेत हे विसरले. चिंच, जांभूळ, बोर, आवळा, मी ज्यांच्याशी त्याची सोयरीक जुळवली होती, त्यातल्या कुणाशीही त्याचं नातं नव्हतं. इतकं चांगलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि माझा हात आपोआप वाटीत गेला, दुसरं घ्यायला.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. ताकद नव्हती, पण धरलं.

"बास," म्हणाल्या. "आता सोड."

मी तांब्या आणला, तुळशीचं पान आणलं. त्यांनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं आणि म्हणाल्या, माझं तुला दिलं. मी म्हटलं, मी घेतलं. पाणी उंबऱ्याजवळ सोडलं. जोशीबुवांना विचारलं नाही, ह्यांनाही नाही. दोन बायकांनी घेतला-दिला, झालं.

मंग मी फळं कुस्करली, गाळली, खडीसाखर टाकली आणि चमच्यानं त्यांच्या ओठाला लावलं. पहिल्या चमच्याला त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. दुसरा गिळला. तिसऱ्याला जीभ ओठांवरून फिरली. मी उलटीसाठी घमेलं धरून बसले होते, ते तसंच कोरडं राहिलं. संध्याकाळी हे आले तेव्हा आत्याबाई उशीला टेकून बसलेल्या आणि मी गर भरवत होते. ह्यांनी चौकट धरली आणि तिथंच खाली बसले.

"काशीचं काय झालं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"माझ्याकडं आलीया काशी," मी म्हटलं. "तुम्ही अत्ताराकडं जावा, पुडी संपलीया."

तोंड सुटलं तसं पोट सुटलं. आधी ताक-भात, मंग मुगाचं वरण, मंग भाकरीचा पापुद्रा. हकीमसाहेब बघायला आले तेव्हा आत्याबाईंनी त्यांनाच विचारलं, हे ओलं कुठं मिळतं? ते म्हणाले, थंड मुलखात, इकडं येता-येता सडतं. रोज सकाळी मी वाटी भिजवायची, आणि आत्याबाई खाताना मला सांगायच्या, आज जास्त आंबट हाय, आज गर जाड हाय, आज लईच चांगलं लागतंय गं. मी ऐकायची. जीभ तशी आतल्या आत हलायची माझी. मनात म्हणायची, सांगा, आणखी सांगा.

अश्विनात त्या चालायला लागल्या. म्हणाल्या, मला शेतावर न्या. बैलगाडीत गादी घातली आणि नेलं. बांधावर पोचल्यावर दरवर्षी त्या सगळ्यांना लांब पाठवायच्या. ह्या वेळी ह्यांना पाठवलं आणि मला म्हणाल्या, "तू बस."

सीताफळ मऊ झालं होतं. त्यांनी ते दोन हातांनी उकललं, अर्धं मला दिलं. आम्ही खाल्लं. त्या बिया थुंकत होत्या, लांब, पोरीसारख्या. मीही थुंकल्या. तिचं नाव त्यांनी घेतलं, माझ्यासमोर पहिल्यांदा. मंग थांबल्या. सालीतला शेवटचा गर बोटानं काढत म्हणाल्या, "तिला आवडला असता का गं, आलुबुखारा?"

मी एकदाच खाल्ला होता. तरी मला सगळं आठवत होतं, जिभेवर आत्ताच ठेवल्यासारखं.

"आवडला असता, आत्याबाई," मी म्हटलं. "आधी डोळे मिटले असते तिनं, आंबटामुळं. मंग बी गालात धरून दिवसभर चोखत हिंडली असती. आन् तुम्ही टाक म्हटलं तरी टाकली नसती."

"न्हाई टाकली असती," त्या म्हणाल्या. "लई हट्टी व्हती."

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता मोठ्यानं रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.